कम्युनिटी कॉलेजातून यूसीत जाताना: जीई नंतर, आधी मेजर

कॅलिफोर्नियात पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून पुढे यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जाता येतं; याला ट्रान्सफर म्हणतात. तिथे प्रवेश घेतला की ओळखीतले सगळे काका एकच सल्ला देतात: "आधी जीई उरकून घे, नोकरी करता करता होऊन जाईल." जीई म्हणजे जनरल एज्युकेशन, मेजर कुठलाही असला तरी करायचे सामान्य विषय. सायकॉलॉजी, हिस्ट्री, संध्याकाळचे नाहीतर ऑनलाइन वर्ग, शिफ्ट सांभाळून जमतंही. सोशिऑलॉजीसारख्या मेजरला (पदवीच्या मुख्य विषयाला) हे चालून जाईल. पण इंजिनिअरिंग, कम्प्युटर सायन्स किंवा फिजिक्सला जायचं असेल तर हा सल्ला अजिबात ऐकू नका. माझं अख्खं वर्ष त्यात गेलं.

काका लोक वाईट सांगत नाहीत. पण त्यातले बहुतेक थेट एमएसला आलेले. हा रस्ता त्यांनी पाहिलेलाच नाही. तुमच्याच मेजरमधून गेल्या वर्षी ट्रान्सफर झालेला एखादा दादा किंवा ताई शोधा. दहा काकांपेक्षा त्यांची पंधरा मिनिटं मोलाची.

अडचण साखळीची आहे. कॅल्क्युलस एक, मग दोन, मग मल्टिव्हेरिएबल, मग लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स. बहुतेक वेळा मागचा विषय सुटल्याशिवाय पुढच्याला नाव नोंदवता येत नाही. मेकॅनिक्सला कॅल्क्युलस लागतं आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमला मेकॅनिक्स. दोन वर्षांत नेहमीच्या सेमिस्टर चारच. पहिली जीईत घालवली, किंवा सुरुवातच प्रीकॅल्क्युलसपासून झाली, तर साखळीचं शेवटचं टोक तिसऱ्या वर्षात जातं. त्यात यूसीचे बहुतेक कॅम्पस ट्रान्सफरवाल्यांना फक्त फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रात) घेतात. म्हणजे एका सेमिस्टरचा उशीर एका वर्षाला पडतो. समरमध्ये भरून काढू म्हणाल, तर सहा-आठ आठवड्यांचं कॅल्क्युलस आणि वाढीव शिफ्ट एकत्र घेऊ नका. जीपीए (ग्रेडची सरासरी) बुडतो.

दुसरं, ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे क्रेडिट (क्वार्टर असेल तर ९०) जमले म्हणजे तयारी झाली असं नाही. युनिट धरले जातील, पण मेजरची अट त्यांनी पुरी होईलच असं नाही. असिस्ट (assist.org) या वेबसाइटवर आपलं कॉलेज, जायचं विद्यापीठ आणि मेजर निवडा, इकडचा कोणता कोर्स तिकडच्या कोणत्या कोर्सला चालतो याची समोरासमोर यादी येते. तिथे दोन कोर्समध्ये 'अँड' दिसला तर दोन्ही केल्याशिवाय पलीकडचा एक मिळत नाही. शिफ्टला सोयीचं म्हणून त्यातला दुसरा शेजारच्या कॉलेजात घ्यायचा असेल तर आधी विचारा. याद्या कॉलेजागणिक वेगळ्या असतात. काउन्सेलरकडे ही यादी छापून न्या. रिकाम्या हाताने गेलात तर साधारण जीईचाच आराखडा मिळतो.

नोकरीचं म्हणाल तर १२ युनिट आणि आठवड्याला वीस तास जमतं, घाबरू नका. दोन लॅबचे कोर्स असलेल्या सेमिस्टरला मात्र तास कमी करा. कॅम्पसवरच ट्युटरिंग सेंटर किंवा लायब्ररीत काम मिळालं तर पगार थोडा कमी असला तरी घ्या. फायनल्सच्या आठवड्यात तिथे समजून घेतात. एफ-१वाल्यांना (विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना) सत्र चालू असताना कॅम्पसवरच आणि २० तासांपर्यंतच काम करता येतं. एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) शिकता येतं, पण ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) नोकरी नाही. रहिवाशांना फी युनिटमागे ४६ डॉलर आहे, आणि उत्पन्न कमी असेल तर प्रॉमिस ग्रँटमध्ये तीही माफ होते. फीसाठी म्हणून तास वाढवण्याआधी तो अर्ज भरा.

टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, अटी पुऱ्या केल्या तर प्रवेशाची हमी. ही हमी यूसीच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच कॅम्पसना मिळते, तीही एकाच ठिकाणी, आणि काही मेजर त्यातून वगळलेले असतात. टॅग सप्टेंबरात भरायचा. त्यानंतर यूसीचा मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो, नाहीतर टॅगला अर्थ नाही.

तीन वर्षं लागली तर लागू द्या. नोकरी करणाऱ्यांना लागतातच, आणि पदवीवर नाव विद्यापीठाचंच येतं. फक्त अर्जानंतर जानेवारीत यूसीला द्यायचा अकॅडेमिक अपडेट विसरू नका. फॉलचे ग्रेड आणि स्प्रिंगचे विषय त्यात भरायचे असतात, आणि सुट्टीतल्या जादा शिफ्टच्या गडबडीत नेमकी ती ईमेल वाचायची राहून जाते.