फॅटी लिव्हर निघालंय? वजन असं उतरवा

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं की आपल्या कोकणात पहिला भात बंद होतो नि चार दिवसांनी परत ताटभर सुरू, तसं नको. आधी फक्त ५ टक्क्यांचं टार्गेट ठेवा, म्हणजे ८० किलोवाल्याने ४ किलो, एवढ्यानेच लिव्हरमधली चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं तर सूजही उतरते. इन्सुलिन नीट काम करतं, पीसीओएसवाल्या (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) मुलींची पाळी बऱ्याचदा नियमित होते.

करायचं काय तर भात अर्धा, सोबत कुळथाची पिठी, भाजी भरपूर, बांगडा तळण्यापेक्षा तिखल्यात. कोल्ड्रिंक, दारू बंद, कोकम सरबतातली साखर पण मोजा. रोज अर्धा तास किनाऱ्यावर भरभर चाला.

उपाशी मात्र राहू नका प्लीज! महिन्याला २-३ किलो पुरे, फार झटपट उतरवलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि वजन उतरलं की पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन लेप्टिन घटतं, भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, म्हणून भूक जास्त लागते, तो तुमचा दोष नाही हो, नाश्त्याला अंडं किंवा उसळ घ्या. डायबेटिसची औषधं चालू असतील तर डोस बदलावा लागेल का ते डॉक्टरांना आधीच विचारा.