जेवणानंतर साखर उतरते तेव्हा

उपाशीपोटी माझी साखर ठीक असते. उतरते ती जेवून दोन-तीन तास झाले की. वर्गात शिकवताना वाक्य मध्येच सुटतं, हाताला कापरं भरतं, मानेवर घाम येतो, छाती धडधडते आणि एकदम वखवखून भूक लागते. याला रिअ‍ॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया म्हणतात. जेवणातली साखर रक्तात झपाट्याने चढते, मागोमाग ती खाली आणणारं इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त किंवा उशिरा सुटतं, आणि अन्न पचून संपत आलं तरी इन्सुलिनचं काम चालूच राहतं. त्यामुळे चढ आटोक्यात ठेवला, तरच उतार आटोक्यात येतो.

पण आधी मोजा. घाम आणि धडधड भीतीनेही होते, अपुऱ्या झोपेनेही. त्रास होत असताना साखर कमी भरणं आणि साखर वर आल्यावर त्रास जाणं, या दोन्ही गोष्टी जुळायला हव्यात. मधुमेह नसलेल्या माणसात दर डेसिलिटर रक्तात साधारण 55 मिलिग्रॅमच्या खालचा आकडा डॉक्टर गांभीर्याने घेतात. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. फळ सोललेल्या बोटावर आकडा फुगून येतो. घरचं ग्लुकोमीटर थोडं इकडेतिकडे दाखवतंच, म्हणून निदान पक्कं करायला प्रयोगशाळेतली रक्ततपासणीच लागते. मी वहीत चारच गोष्टी लिहिते: काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, आकडा किती.

साखर उतरली असेल तर पटकन शोषली जाणारी 15 ग्रॅम साखर घ्या: ग्लुकोजच्या गोळ्या, किंवा अर्धा कप फळांचा रस, किंवा पाण्यात विरघळवलेली तीन-चार छोटे चमचे साखर. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. डोकं बधिर झालं असेल, नीट सुचत नसेल, तर मोजण्यात वेळ घालवू नका, आधी साखर घ्या. गाडी चालवत असाल तर बाजूला थांबवा.

आणि बरं वाटलं की तिथेच सोडू नका. नुसत्या साखरेवर थांबलं तर इन्सुलिनची पुढची लाट येते आणि तासा-दोन तासांनी पुन्हा तेच. त्यामागून अंडं, दही किंवा मूठभर दाणे खा. मला स्वतःला सर्वांत जास्त फरक या एका सवयीने पडला.

रोजच्या जेवणात क्रम महत्त्वाचा. आधी भाज्या आणि प्रथिनं, धान्य शेवटी. त्याच ताटातल्या त्याच अन्नाने साखर कमी उसळते. रिकाम्या पोटी रस, गोड पेय, मैद्याचं काही घेऊ नका. फळ पिळून पिण्यापेक्षा चावून खा. एका वेळी पोट गच्च भरण्याऐवजी दर तीन तासांनी थोडं खा. जेवणानंतर संथ चाललं तरी चढ कमी होतो. मद्य उपाशीपोटी तर अजिबात नाही. यकृताचं साखर सोडण्याचं काम ते अडवतं.

उपाशी असताना किंवा रात्री झोपेत साखर उतरत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा पोटाची बायपास शस्त्रक्रिया झालेली असेल, तर घरगुती उपायांवर विसंबू नका. कारण वेगळं असू शकतं, कधी स्वादुपिंडातली गाठसुद्धा. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डोसबद्दल डॉक्टरांशीच बोला. वही सोबत न्या आणि मिश्र आहाराच्या चाचणीबद्दल विचारा: नेहमीसारखं जेवण देऊन पुढचे पाच तास रक्त तपासतात. नुसतं ग्लुकोजचं पाणी पाजून केलेल्या चाचणीत निरोगी माणसाचाही आकडा कधीकधी खाली जातो, त्यामुळे ती इथे फसवी ठरते.

सोबत राहणाऱ्या, काम करणाऱ्या माणसांना एक गोष्ट आजच सांगून ठेवा: बेशुद्ध पडल्यास तोंडात साखर, पाणी काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची.