ऊस शंभर टनांवर गेला, आता पुढच्या सालाचं काय?

कर्नाटकातल्या निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी या पट्ट्यात कुणाचा ऊस एकरी शंभर टनांवर गेला की फड बघायला चार गावची माणसं येतात, खतवाले बांधावर बोर्ड लावतात आणि बेणं (लागणीचा ऊस) मागायला रांग लागते. घोटाळा होतो तो पुढच्या दोन-तीन सालांत. तोच प्लॉट खोडव्याला (तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारं दुसरं पीक), मग निडव्याला (तिसरं पीक), बेणं घरचंच, आणि वर "आणखी दोन पोती टाकू" हा हिशेब. टनेज नव्वद, पंचाहत्तर, साठ असं उतरत जातं आणि दोष पावसाला.

म्हणून आधी एक काम करा. शंभर टन आले ते कशामुळे, ते मोजून ठेवा. वजनपावतीवर नुसती बेरीज असते, कारण लिहिलेलं नसतं.

फडातली मोजणी

एकरी शंभर टन म्हणजे ढोबळमानानं ४०,००० ऊस, प्रत्येकी अडीच किलो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सरी साडेचार फुटी असेल तर एकरात ९,६८० फूट सरी बसते, म्हणजे दहा फुटांत ४१ ऊस हवेत. पाच फुटी सरीत ८,७१२ फूट बसते, तिथं दहा फुटांत ४६ हवेत.

तोडीच्या आठ-दहा दिवस आधी दहा फुटांची दोरी घेऊन फडात शिरा. पाच ठिकाणं निवडा, सगळी बांधापासून आत. कडेच्या उसाला ऊन-वारा जास्त मिळतो, तो जाडच असतो. तिथं मोजलं तर मनाला बरं वाटेल, पण आकडा खोटा निघेल. गाळपाला जाणारेच ऊस मोजा, उशिरा फुटलेले पाणकोंब सोडा. मग प्रत्येक ठिकाणचे दोन असे दहा ऊस बुडख्यातून तोडा, वाडं (शेंडा) छाटा, पाचट (वाळलेली पानं) काढा, वजन करा आणि दहानं भागा.

साडेचार फुटी सरीत दहा फुटांत सरासरी ३८ ऊस आणि एका उसाचं वजन २.२ किलो भरलं, तर ३८ × ९६८ × २.२ म्हणजे साधारण ८१ टन. कारखान्याच्या काट्याशी हा आकडा फारच फटकून असेल तर क्षेत्र टेपनं मोजा. एकरी शंभर टनांचे काही विक्रम ४४ गुंठ्यांतले निघतात, हे सांगायला कुणाला आवडत नाही.

दरवर्षी हे दोन आकडे वहीत लिहिले की घसरण कुठून सुरू झाली ते कळतं. उसाची संख्या घटली असेल तर गडबड पहिल्या चार महिन्यांतली: बेणं, नांग्या (रिकाम्या जागा), फुटवे, उशिरा झालेली भरणी (उसाच्या बुडाला माती लावणं). संख्या तीच राहून वजन घटलं असेल तर मोठ्या भरणीनंतरचं पाणी आणि खत बघा, ऊस लोळला होता का ते बघा, तोड लवकर झाली का ते बघा. दोन्ही घटलं असेल तर बहुतेक जमीनच बिघडते आहे. इलाज वेगवेगळे आहेत. सगळ्यांवर युरिया हा इलाज नव्हे.

बेणं

विक्रमी फडाचं बेणं म्हणून तोडीच्या उसाच्याच कांड्या लावणं ही नेहमीची चूक. बेणं ९ ते ११ महिन्यांचं, खास बेणेमळ्यातलं लागतं. तोडीला आलेल्या उसाचे खालचे डोळे निबर झालेले असतात, उगवण मागेपुढे होते आणि दहा फुटांतला आकडा तिथंच पडतो. दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला. मधल्या काळात काणी किंवा गवताळ वाढ या रोगांचं बेट दिसलं की मुळासकट काढून जाळा. "एकच तर आहे" म्हणून सोडलेलं बेट पुढच्या लागणीत शेतभर जातं.

एक डोळ्याच्या कांड्या १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) मिसळून १० ते १५ मिनिटं बुडवा. जिवाणूंची प्रक्रिया त्यानंतर वेगळी करा, एकाच बॅरलमध्ये नको.

सगळी जमीन एकाच जातीखाली ठेवू नका. ८६०३२ या जातीनं नाव काढलं म्हणून पाणथळ, खारवट तुकड्यातही तीच लावायची असं नसतं. तिथं २६५ बरी टिकते. २००२ साली सांगली-बेळगाव भागात लोकरी मावा ही कीड आली तेव्हा भरात आलेले फडही सुटले नाहीत. पानाखालचा पांढरा थर बघायला आठवड्यातून एक फेरी फडाच्या आत हवी, बांधावरून तो दिसत नाही.

खत: वाढवण्याआधी वजा करायला शिका

सुरू (डिसेंबर ते फेब्रुवारीत लावलेल्या) उसाची पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र, स्फुरद, पालाश. एकरी ती १००:४६:४६ होते. पन्नास किलोच्या दोन पोती डीएपीमधून ४६ किलो स्फुरद पूर्ण मिळतं आणि वर १८ किलो नत्रही येतं. उरलेल्या ८२ किलो नत्राला युरिया लागतो १७८ किलो, म्हणजे ४५ किलोची चार पोती. पोटॅश ७७ किलो, दीड पोतं. डीएपीतलं नत्र वजा न करता युरिया पूर्ण टाकला जातो, आणि विक्रमानंतर त्यावर आणखी दोन पोती. जादा नत्रानं उशिरा पाणकोंब निघतात, ऊस लोळतो, साखर कमी भरते.

नत्राचा ४० टक्के हप्ता सहा ते आठ आठवड्यांनी आणि ४० टक्के मोठ्या भरणीला जातो. उरलेलं लागणीला दहा आणि बारा ते सोळा आठवड्यांनी दहा. स्फुरद-पालाश अर्धं लागणीला, अर्धं मोठ्या भरणीला. रयत संपर्क केंद्रातून (कर्नाटक कृषी खात्याचं कार्यालय) धारवाड कृषी विद्यापीठाची शिफारस मिळाली तर तीही चालेल, पण दोन्हींची खिचडी नको.

माती परीक्षण मात्र दरवेळी लागणीआधी. नमुना नागमोडी चालत १० ते १५ ठिकाणांहून, व्ही आकाराचा खड्डा घेऊन, सरळ थरातून घ्या. उकिरडा, बांध, पाटाच्या कडा टाळा. माती एकत्र करून चार भाग पाडत अर्धा किलो ठेवा. कार्ड कन्नडमध्ये आलं तरी आकडे वाचता येतात. सामू (पीएच) ८.५ च्या वर, क्षारता १ च्या वर किंवा सेंद्रिय कर्ब ०.५ च्या खाली असेल तर तिथं आधी पैसा घाला, खताच्या पोत्यात नंतर.

कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या काळ्या जमिनीत आणखी एक तपासणी करा. पाणी दिल्यावर आठ दिवसांनी तीन फूट खोल खड्डा घ्या. त्यात पाणी साचलं तर मुळं गुदमरत आहेत. पाणी कमी करा आणि निचऱ्याचा चर काढा. पाणी मुबलक आहे म्हणून पाट सोडून झोपणं इथल्या जमिनींना फार महागात पडलं आहे.

खोडवा

सर्वांत जास्त ढिलाई इथं होते, कारण लागणीचा खर्च नाही म्हणून जे येईल ते फुकटच वाटतं. पाचट जाळू नका. सरीत दाबून ते कुजावं म्हणून एकरी एक पोतं युरिया, एक पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. बुडखे जमिनीलगत छाटा. वर राहिलेल्या बुडख्याच्या डोळ्यांतून फुटणारे कोंब कमजोर असतात. कार्बेन्डाझिमची फवारणी वरच्याच प्रमाणात, बुडख्यांवर.

खत पहारीनं द्या: बेटापासून अर्धा फूट, खोली अर्धा फूट किंवा थोडी जास्त, दोन छिद्रांत एक फूट अंतर. पहिला हप्ता तोडीनंतर १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी. पाचटावर नुसत्या फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र हवेतच जातं. दोन फुटांपेक्षा मोठ्या नांग्या महिन्याच्या आत पिशवीतल्या रोपांनी सांधा. नंतर लावलेलं रोप शेजारच्या सावलीत बसून राहतं.

हुमणीसाठी (मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळी) पहिल्या वळवानंतर संध्याकाळी कडुलिंब आणि बाभळीची झाडं हलवून भुंगेरे गोळा करा, रॉकेलच्या पाण्यात टाका. हे शिवारातल्या सगळ्यांनी मिळून केलं तरच उपयोग. भुंगेरा बांध ओळखत नाही.

नवीन जात, नवीन अंतर, नवीन औषध जे काही करून बघायचं ते चार सऱ्यांत, शेजारी जुन्या पद्धतीच्या चार सऱ्या ठेवून, आणि मोजणी दोन्हींची. एका वेळी एकच बदल.

खोडव्यात दहा फुटांत तीसच्या खाली ऊस आले की निडव्याचा मोह सोडा. तो प्लॉट मोडा, खरिपात सोयाबीन घ्या, किंवा ताग पेरून ४५ ते ५० दिवसांनी फुलोऱ्यावर येताच गाडा. ताग निबर झाला की कुजायला वेळ घेतो आणि लागण लांबते, त्यामुळे ट्रॅक्टरवाल्याला आठवडाभर आधीच सांगून ठेवा.