नवऱ्याला मास्तर करू नका: फिनिश शिकायला लागलेल्यांसाठी

"घरातच फिनिश माणूस आहे, सहा महिन्यांत फाडफाड बोलशील!" मी फिनलंडमधल्या तांपेरे शहरात आले तेव्हा कोल्हापूरच्या मावशीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं. दीड वर्षानंतर मला कळत होतं ते एवढंच, की दुकानातली बाई 'पिशवी हवी का' असं विचारतेय. नवरा तर रोज समोर बसलेला. पण आमची ओळख इंग्रजीत झाली, पहिलं भांडणही इंग्रजीत झालं, आणि एकदा बसलेली घडी अशी मोडत नाही. दमून घरी आल्यावर पहिलीतल्या मुलासारखं 'मी भात खाते' म्हणायला कोणाला आवडेल?

म्हणून पहिली गोष्ट: जोडीदाराला व्याकरण विचारू नका. त्याला ते येत नाही. 'हे असं का?' म्हटलं की तो म्हणणार, 'असंच म्हणतात.' राग आला तर स्वतःला विचारा, 'पाणी'चं 'पाण्यात' का होतं, 'पाणीत' का नाही? पटकन सांगता येतं? फिनिशमध्ये पाण्याला 'वेसि' म्हणतात आणि 'पाण्यात' म्हणजे 'वेदेस्सॅ'. तिथेही आपल्या सामान्यरूपासारखं प्रत्ययाआधी मूळ शब्दाचं रूप बदलतं. इंग्रजीतून शिकणारे इथे डोकं धरून बसतात. आपण बसायचं कारण नाही.

खरं तर फिनिश इंग्रजीच्या वाटेनं शिकूच नका, मराठीच्या वाटेनं शिका. पंधरा विभक्त्या ऐकून घाबरू नका. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरात, 'तालोस्ता' घरातून. 'माझ्याकडे गाडी आहे' हे तसंच्या तसं 'मिनुल्ला ओन औतो', कारण 'टु हॅव'सारखं क्रियापद त्यांच्याकडेही नाही. प्रश्नाला आपण शेवटी 'का' लावतो, ते क्रियापदाला 'को' चिकटवतात. 'तुलेत्को?' म्हणजे 'येतेस का?' हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला फुकटचा. आपलं 'नाही, नाहीस, नाहीत' जसं बदलतं, तसं त्यांचं 'एन, एत, एइ' बदलतं. लिंग तर नाहीच. तो, ती दोन्ही 'हॅन', आणि बोलताना माणसालासुद्धा सरळ 'से', म्हणजे 'ते'!

सगळ्यांना रडवते ती पार्टिटिव्ह नावाची विभक्ती. मला ती वर्गात समजली नाही, मराठीत समजली. 'लुएन किर्याऽ' म्हणजे पुस्तक वाचतेय, चाललंय. 'लुएन किर्यान' म्हणजे पुस्तक वाचून काढते, संपवते. आपल्याकडचं 'काढणं', 'टाकणं' हे काम फिनिश भाषा कर्माच्या प्रत्ययाकडून करून घेते. सगळे प्रकार यात बसत नाहीत, पण पायरी म्हणून पुरे.

उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. तुलि म्हणजे आग, तूलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे जकात. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क गेले असतील तर ते इथे वसूल होतील. आपल्याला त्यांचा 'र' आणि जोडाक्षरं सोपी जातात. 'ई' म्हणता म्हणता ओठांचा चंबू करायचा, तो एक स्वर मात्र आरशासमोर घोटावा लागतो.

मग जोडीदाराचा उपयोग काय? कानासाठी, आणि बोलीसाठी. वर्गात 'मिनॅ ओलेन' (मी आहे) शिकवतात आणि बाहेर कोणीच तसं बोलत नाही. सगळे 'मॅ ओऽन' म्हणतात. आम्ही शेवटी एक नियम केला: सकाळच्या कॉफीला वीस मिनिटं फक्त फिनिश, माझं वाक्य पुरं होईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही, आणि चूक झाली तर 'चुकलं' न म्हणता तेच वाक्य बरोबर करून परत म्हणायचं. पहिल्या आठवड्यात आम्ही बहुतेक वेळ खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसलो. इथे गप्प बसणं कोणाला खटकत नाही, याचा फायदा घ्या. सावना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, तीही त्यासाठी उत्तम: फोन नाही, शब्दकोश नाही, आणि कोणाला घाई नाही.

एक धोका सांगते. जोडीदाराची बोली तुम्हाला नकळत चिकटते. मी हेलसिंकीत एका मुलाखतीला 'मोरो!' हा तांपेरेचा नमस्कार करत शिरले आणि 'मी'साठी तांपेरेचं लांबवलेलं 'मॅऽ' म्हणत राहिले. समोरची बाई हसून म्हणाली, 'तांपेरेहून आलात वाटतं?' वातावरण सैलावलं खरं, पण वर्गातलं फिनिशही असू द्या.

नवऱ्यापेक्षा मला जास्त शिकवलं सासूबाईंनी, कारण त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना नावानं हाक मारायची, तीही एकेरीत! पहिला महिना मी हाक मारणंच टाळलं. नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात 'ओतात्को काह्विआ?', म्हणजे 'कॉफी घेतेस का?' इतक्यांदा ऐकलं की पार्टिटिव्ह पाठच झाली ('काह्वि'चं 'काह्विआ' होतं ती हीच).

बाकी वर्ग लावाच. नोकरी शोधत असाल तर नगरपालिकेच्या रोजगार सेवेत नाव नोंदवा. 2025च्या सुरुवातीपासून हे काम नगरपालिकांकडे आलं आहे. तिथे परदेशातून आलेल्यांसाठीची एकात्मीकरण योजना आणि त्यातल्या भाषावर्गाची चौकशी करा. नोकरी असेल तर प्रौढांसाठीच्या नागरी विद्यालयांचे संध्याकाळचे वर्ग आहेत. बऱ्याच ग्रंथालयांत भाषा-कॅफे भरतात, ते फुकट. 'यूले' या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या फिनिशमधल्या बातम्या रोज ऐका.

फिनिश माणसाशी लग्न झालं म्हणून नागरिकत्वासाठी भाषेत सूट मिळत नाही. 'युकि' ही राष्ट्रीय भाषापरीक्षा देणार असाल तर मध्यम स्तराची द्यायची आणि तिसरी पातळी गाठायची. परीक्षेच्या जागा भराभर भरतात, तेव्हा नोंदणी सुरू होईल त्या दिवशी सकाळीच अर्ज भरा. अर्ज स्वतः भरा, नवऱ्याला सांगू नका.