निळा दगड आणि चार वाया गेलेले दिवस: खनिज ओळखताना या चुका टाळा

टोप-शियेच्या खाणीत काळा दगड फुटला की कधीकधी पोकळीत पांढरे चकचकीत स्फटिक निघतात. पोरं ते खिशातून आणतात आणि म्हणतात, "सर, एवढं एक्सआरडी मारून द्या की." (एक्सआरडी म्हणजे भुकटीवर क्ष-किरण टाकून, ते कोणत्या कोनांना वळतात यावरून अणूंची रचना ओळखणं.) ते बहुतेक झिओलाइटच असतं (काळ्या दगडाच्या पोकळ्यांत वाढणारं, रचनेत पाणी धरणारं खनिज), फार डोकं चालवावं लागत नाही. पण एका मुलीनं पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळाशार गुच्छ आणला, बोराच्या बीएवढा. त्याचं नाव लावताना आम्ही दोघांनी चार दिवस घालवले, आणि दोष यंत्राचा नव्हता.

पहिली चूक माझीच. कोल्हापुरात पातळ थर आणि ऑक्साइडवर काम करणारे पुष्कळ, त्यामुळे स्कॅन 20 ते 80 अंश लावायची हाताला सवय. आलेखात बारीकसारीक पीक भरपूर (इथं पीक म्हणजे ऊस नव्हे, आलेखातला उंचवटा; त्यालाच रेषाही म्हणतात), पण ठसठशीत एकही नाही. सॉफ्टवेअरनं तीन-चार रेषा जुळवून भलतंच नाव सुचवलं आणि आम्ही ते मानलंही. निळं म्हटल्यावर ज्याची शंका पहिली यायला हवी त्या कॅव्हन्साइटची सर्वांत जोरकस रेषा 7.96 अँगस्ट्रॉमची (हे अणूंच्या थरांमधलं अंतर; अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). तांब्याच्या क्ष-किरणांवर ती 11.1 अंशाला येते, म्हणजे आमचा स्कॅन सुरू व्हायच्या आधीच. स्टिल्बाइट आणि ह्यूलंडाइट या झिओलाइटांच्या मुख्य रेषा तर 9.8 अंशाच्या आसपास. खनिज असेल तर 5 अंशापासून सुरुवात करा, वेळ लागला तरी चालेल.

मग ईडीएस, म्हणजे इलेक्ट्रॉनचा मारा करून नमुन्यात कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन, ऑक्सिजन दिसले आणि पोरगी खूश: "सर, झालं की!" नाही झालं. कॅव्हन्साइट आणि पेंटागोनाइट या दोघांचं रासायनिक सूत्र तंतोतंत एकच आहे, फक्त अणूंची मांडणी वेगळी. दोन्ही अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडली, 1973 साली त्यांचं वर्णन प्रसिद्ध झालं, आणि वाघोलीतही दोन्ही मिळतात. पाच पाकळ्यांसारखे जुळे स्फटिक दिसले तर पेंटागोनाइटचा संशय घ्यावा, पण तो संशयच. निकाल रचनेवरूनच लागतो.

ईडीएसचा दुसरा सापळा जास्त फसवा आहे. त्याला हायड्रोजन दिसत नाही, म्हणजे पाणी मोजता येत नाही, आणि सॉफ्टवेअर उरलेल्या ऑक्साइडांची बेरीज ओढून 100 करतं. कॅव्हन्साइटच्या सूत्रात पाणी सुमारे 16 टक्के आणि सिलिका 53.2 टक्के. पाणी गायब झालं की तीच सिलिका 63.4 टक्के दिसते. बेरीज बरोबर 100 आली म्हणून समाधान मानू नका, तो आकडा मुद्दाम आणलेला असतो. पाण्यासाठी टीजीए करा, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन किती घटतं ते मोजा. शिवाय टायटॅनियमची केबीटा रेषा 4.93 आणि व्हॅनेडियमची केअल्फा 4.95 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला येते (केबीटा, केअल्फा ही मूलद्रव्यांच्या क्ष-किरण रेषांची नावं). ईडीएसला हा फरक सुटा करता येत नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम असतंच, तेव्हा गुच्छाला चिकटलेला दगडाचा कण व्हॅनेडियमचा आकडा फुगवू शकतो. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली सुईनं साफ करूनच न्या.

ईडीएससाठी नमुन्यातून वीज वाहावी म्हणून मुलामा देतात; तो सोन्याचा नको, कार्बनचा घ्या. सोन्याची रेषा फॉस्फरस आणि गंधकाच्या मध्येच येऊन बसते.

एक्सआरडीसाठी नमुना कुटण्याबद्दल जरा सांगतो, कारण सगळ्यात जास्त घाई तिथंच होते. लोखंडी खलात कुटलं तर लोखंड मिसळणार, म्हणून अकीकाचा खल. कोरडं रगडत बसू नका, दोन-चार थेंब स्पिरिट घाला. जोर लावून खूप वेळ घोटलं की झिओलाइटची रचना बिघडू लागते आणि रेषा पसरतात. उलट कमी घोटलं तर ह्यूलंडाइटच्या चपट्या पापड्या काचेवर आडव्या पडतात, मग एकच रेषा आभाळाला भिडते आणि बाकीच्या मान वर काढत नाहीत. भुकटी वरून दाबून सपाट करण्याऐवजी मागच्या बाजूनं भरा. लोमोंटाइट हा झिओलाइट असेल तर कोरड्या हवेतच त्याचं थोडं पाणी उडतं, म्हणून तो महिनाभर उघड्या डबीत ठेवून मग मोजू नका. आणि प्रत्येक वेळी आधी शुद्ध सिलिकॉन लावून बघा: पहिली रेषा 28.44 अंशाला येत नसेल तर पुढचं सगळं सरकलेलं आहे.

एक गोष्ट आम्ही नशिबानं बरोबर केली. सगळा गुच्छ खलात घातला नव्हता, दोन स्फटिक डबीत ठेवले होते. 5 अंशापासूनच्या स्कॅनमध्ये 11.1 ची रेषा उभी राहिल्यावर त्यातला एक सिंगल क्रिस्टल यंत्रावर (न कुटता अख्खा स्फटिक तपासणाऱ्या) लावला. एकक कोषाच्या, म्हणजे रचनेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठोकळ्याच्या, बाजू आल्या 9.79, 13.64 आणि 9.63 अँगस्ट्रॉम, म्हणजे कॅव्हन्साइटच. पेंटागोनाइट असता तर 10.30, 14.00 आणि 8.89 आल्या असत्या. उरलेला स्फटिक तिनं डबीसकट परत नेला.