सोन्याच्या शोधासाठी परवडणारा मेटल डिटेक्टर निवडताना

विदर्भातील खेड्यात मेटल डिटेक्टरची चौकशी करणारा माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: यंत्र किती फूट खोल पाहते आणि ते केवढ्याला पडते. ज्या मातीवर ते फिरवायचे आहे ती माती कोणती, हे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि पैसे नेमके तेथेच वाया जातात.

अकोला, अमरावती, बुलढाणा, वर्धा आणि यवतमाळचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. या खडकातून आणि त्याच्या कपाशीच्या काळ्या मातीतून सोन्याचे खडे निघण्याची अपेक्षा ठेवू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्व भाग येथे मात्र बेसाल्टहून कितीतरी जुने खडक उघडे पडले आहेत, आणि त्यांपैकी साकोली गटातील खडकांत सोन्याची लक्षणे भूवैज्ञानिकांनी नोंदवलेली आहेत. लक्षणे आढळणे आणि हातात धरता येईल असा खडा मिळणे यांत मोठे अंतर आहे. खडकात टनामागे तीन-चार ग्रॅम सोने असले तरी खाणीच्या दृष्टीने ते लक्षणीय ठरू शकते; परंतु ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात विखुरलेले असेल, तर महागातला महाग डिटेक्टरही त्या दगडावर गप्पच राहतो.

नाल्याच्या वाळूतील सोनेरी धुळीचीही तीच गत आहे. वाळू धुऊन सोने काढणारे सोनझारी लाकडी पात्र वापरत आले, ते योग्यच होते. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, तर साध्या वाळूतील गारेची जेमतेम अडीच ते पावणेतीन पट असल्यामुळे पाणी फिरवले की हलकी वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी राहते. ज्यांना केवळ नाल्यातील धूळच तपासायची आहे, त्यांनी यंत्राचा विचार सोडून पसरट पाटी घ्यावी. खर्च काहीशे रुपयांवर जाणार नाही.

डिटेक्टरला दिसते ते अखंड तुकड्याच्या रूपातील सोने. एक ग्रॅम शुद्ध सोन्याचा गोल मणी केला तर त्याचा व्यास साधारण साडेचार मिलिमीटर भरतो, म्हणजे तो मुगाच्या दाण्याएवढा असतो. एक दशांश ग्रॅमचा कण मोहरीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठा. चांगल्या यंत्राला असा कण काही सेंटिमीटरवरच जाणवतो. जाहिरातीत सहा मीटर खोलीचा दावा दिसला, तर तो सोन्याच्या कणाविषयी नाही हे ओळखून पुढे जावे.

आता मातीकडे येऊ. स्पीकरमधला जुना चुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या काळ्या मातीतून किंवा नाल्याच्या वाळूतून दहा-वीस वेळा ओढावा. पिशवीला काळ्या, केसाळ दिसणाऱ्या कणांची दाढी लागते. हे प्रामुख्याने मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण असतात आणि डिटेक्टरचा खरा शत्रू तेच आहेत. यंत्राच्या कॉइलमधील एक वेटोळे चुंबकीय क्षेत्र सोडते आणि दुसरे परत आलेला प्रतिसाद टिपते. मातीच स्वतः जोरात प्रतिसाद देऊ लागली, की लहानशा सोन्याचा क्षीण आवाज तिच्यात बुडून जातो. मातीचा हा प्रतिसाद वजा करण्याच्या सोयीला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. आपल्या भागात यंत्र निवडताना पहिली अट हीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी घेतलेल्या पहिल्या स्वस्त यंत्रात ही सोय नव्हती. कारखान्यात ठरवून दिलेला एकच बॅलन्स होता. घराच्या ओसरीवर ते अंगठी अचूक सांगायचे. वावरात नेताच प्रत्येक ढेकळावर, प्रत्येक भेगेवर ते किंचाळू लागले. आवाज थांबेपर्यंत संवेदनशीलता कमी केली, तेव्हा चार बोटे खोल पुरलेली तीच अंगठीही त्याला सापडेना. म्हणून विकत घेताना ग्राउंड बॅलन्स हाताने करता येतो का, की यंत्र आपोआप मातीचा मागोवा घेते, हे स्पष्ट विचारावे. गॅरेट एस २५० हे नाव नवशिक्यांना नेहमी सुचवले जाते आणि नाणी शोधण्यासाठी ते वाईट नाही, परंतु त्याचा बॅलन्स ठरीव आहे आणि वारंवारिता, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राची सेकंदाला होणारी आवर्तने, ६.५ किलोहर्ट्झ.

वारंवारिता ही दुसरी अट. यंत्राच्या क्षेत्रामुळे सोन्याच्या लहान तुकड्यात निर्माण होणारे भोवरी प्रवाह (धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह) फार लवकर विरतात, त्यामुळे ते टिपण्यासाठी वरची वारंवारिता लागते. सात-आठ किलोहर्ट्झची यंत्रे चांदीचा रुपया किंवा तांब्याचा गडू छान सांगतात, पण मोहरीएवढे सोने त्यांच्या हातून निसटते. फिशर गोल्ड बग प्रो १९ किलोहर्ट्झवर आणि गॅरेट एटी गोल्ड १८ किलोहर्ट्झवर चालतात; दोन्हींत ग्राउंड बॅलन्स स्वतः करता येतो आणि हरवलेला दागिना शोधण्यासही ती उपयोगी पडतात. मिनेलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० ची वारंवारिता ४५, नोक्टा मॅक्रो गोल्ड फाइंडर २००० ची ६१, तर फिशर गोल्ड बग २ ची ७१ किलोहर्ट्झ आहे. आकडा जितका मोठा तितके यंत्र चांगले, असे मात्र समजू नये, कारण वरच्या वारंवारितेला लोहयुक्त माती अधिक त्रास देते आणि मोठा तुकडा खोल असेल तर ती कमी पडते. एकच यंत्र घ्यायचे असेल आणि ते गावात चार कामांसाठी वापरले जाणार असेल, तर मी १८-१९ किलोहर्ट्झच्या आसपास थांबेन. पल्स इंडक्शन जातीची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र सलग न सोडता ठोक्या-ठोक्यांनी सोडणारी यंत्रे खनिजयुक्त जमिनीत सरस असतात हे खरे, पण त्यांतील चांगल्या यंत्रांची किंमत परवडण्याच्या चर्चेत बसत नाही.

कॉइलबाबत थोडक्यात सांगायचे तर डबल-डी रचनेची (आत इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेली) लहान, लंबगोल कॉइल घ्यावी. मोठी कॉइल एका वेळी जास्त मातीचा प्रतिसाद ओढून घेते, जड असते आणि नाल्यातल्या दगडांच्या फटींत शिरत नाही.

लोखंड वगळण्याच्या सोयीवर दुकानदार फार भर देतात, कारण पडद्यावर ‘सोने’ असे नाव उमटलेले पाहून गिऱ्हाईक खूश होते. प्रत्यक्षात औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागद आणि सोन्याचा लहान तुकडा यांचे आकडे पडद्यावर जवळजवळ सारखेच येऊ शकतात, आणि लोहयुक्त मातीत खरे सोने लोखंड म्हणूनही दाखवले जाते. तेव्हा सर्व धातूंवर आवाज देणारी पद्धत त्या यंत्रात आहे याची खात्री करून घ्यावी आणि आपल्या वावरात बैलाच्या नालाचे खिळे, तारेचे तुकडे आणि बाटल्यांची झाकणे भरपूर उकरावी लागतील हे आधीच मान्य करावे.

दोन दांड्या किंवा अँटेना असलेले, शेकडो मीटरवरून सोन्याची दिशा दाखवणारे यंत्र कोणी दाखवले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. एडीई ६५१ नावाचे अशाच जातीचे अँटेनावाले यंत्र बॉम्बशोधक म्हणून इराकपर्यंत विकले गेले. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका स्वस्त खेळण्यावरून ते बनवले होते, आणि विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. गुप्तधनाच्या नावाने आपल्याकडे फिरणारे बाबा लोक आता पायाळू माणसाऐवजी अशीच यंत्रे बाळगतात.

पैसे देण्यापूर्वी यंत्राची चाचणी आपल्याच जमिनीत घ्यावी, आणि त्यासाठी सोने पुरण्याची गरज नाही. डिटेक्टरच्या दृष्टीने शिसे सोन्याच्या बरेच जवळचे वागते. ढीवर बांधवांच्या जाळ्याला लावतात तो शिशाचा मणी मागून आणावा, छिन्नीने त्याचे अर्धा, एक आणि दोन ग्रॅमचे तुकडे करावेत, गावच्या सोनाराकडून ते तोलून घ्यावेत आणि प्रत्येक तुकडा पातळ लाकडी पट्टीच्या टोकाला चिकटवावा. आधी कॉइलखाली काहीच नसलेली जागा पक्की करावी, मग पट्टी तिरपी खुपसून तुकडा ३, ६ आणि १० सेंटिमीटर खोल न्यावा. सरळ खड्डा खणून बुजवला तर मोकळी झालेली मातीच वेगळा आवाज देते आणि फसवणूक होते. दहापैकी आठ फेऱ्यांत दोन्ही बाजूंनी आवाज आला तरच ती खोली खरी मानावी. चाचणीच्या वेळी रानडुकरांसाठी लावलेले झटका मशीन बंद करायला सांगावे आणि मोटारपंप व विजेच्या तारांपासून दूर जावे, नाहीतर त्यांच्या खडखडाटाचा दोष यंत्राच्या माथी बसतो.

कायद्याची बाजू नजरेआड करू नये. खाण व खनिजविषयक १९५७ च्या केंद्रीय कायद्यातील कलम ४ नुसार परवान्याशिवाय खनिजाचे पूर्वेक्षण, म्हणजे शोधाचे काम, करता येत नाही, आणि राखीव जंगलात यंत्र घेऊन फिरणे वेगळेच प्रकरण ओढवून घेते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हा निषिद्ध पट्टा आहे; मनसर आणि पवनी यांसारख्या प्राचीन स्थळांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जमिनीत दडलेला, १० रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, मग ते वावर स्वतःचे असले तरी. निंदणाच्या वेळी बायकोच्या गळ्यातून आपल्याच वावरात पडलेले डोरले शोधायला मात्र कोणाची आडकाठी नाही, आणि माझे यंत्र गावात सर्वाधिक फिरले ते याच कामासाठी.

जुने यंत्र मिळत असेल तर ते घेण्यास हरकत नाही. ते चालू करून कॉइल स्थिर ठेवावी आणि वायर कॉइलमध्ये शिरते त्या जागी बोटांनी हलकेच वाकवून पाहावी; तेथे कडकड आवाज आला, तर आतली तार तुटत आली आहे. सेलच्या डब्याचे झाकण उघडून पत्तीवर हिरवा थर दिसतो का तेही पाहावे. बिलावर अनुक्रमांक नसेल, तर वॉरंटीच्या नावाखाली मागितलेली वरची रक्कम देऊ नये.