पातळ आणि महागडा लॅपटॉप घेताय? बिल करायच्या आधी हे तपासा

लाख-सव्वा लाखाचा पातळ लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण प्रोसेसरचं नाव बघतात, सेल्समनने हातात दिलेला पीस उचलून "अरे वा, काय हलकाय" म्हणतात आणि कार्ड काढतात. पण सव्वा किलोच्या मशीनचा वेग प्रोसेसरच्या नावावर कमी आणि आतली उष्णता बाहेर कशी जाते यावर जास्त ठरतो. बॉडी जेवढे वॅट सोसते तेवढाच चिप पळणार. आणि हा आकडा जाहिरातीत शोधूनही सापडत नाही, त्यामुळे आपणच बघून घ्यायचं.

इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही सिरीजचंच घ्या, २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली. यातल्या बऱ्याच चिप्सची बेस पॉवर, म्हणजे सलग कामात धरलेली वीज, १७ वॅट आणि टर्बोमध्ये, म्हणजे थोडा वेळ जोरात पळताना, ३७ वॅटपर्यंत. आता १७ ते ३७ च्या मधे नेमकं कुठे थांबायचं हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, म्हणून सेम चिपचे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एक दहा मिनिटं दणकून काम करतो आणि दुसरा मिनिटभर पळून दम टाकतो. दुकानात ब्राउझर उघडून, चार टॅब मारून "फास्ट आहे की" म्हणतो ना आपण, ते सगळं त्या पहिल्या मिनिटातलं.

म्हणून टेस्ट लांबलचक करा. सिनेबेंच नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात प्रोसेसरवर दहा मिनिटं सलग लोड, म्हणजे कामाचा पूर्ण ताण, टाकायची सोय आहे. दुकानदार डेमो पीसवर इन्स्टॉल करू देत असेल तर उत्तम, नाहीतर त्याच मॉडेलचे रिव्ह्यू शोधा ज्यात सलग लोडचा ग्राफ दिलाय, नुसता एक स्कोअर सांगणारे सोडून द्या. टेस्ट चालू असताना कीबोर्डच्या वरच्या पट्टीला, स्क्रीनच्या बिजागरीजवळ हात लावा, मग मशीन उचलून तळाला लावा. तळ चटका देत असेल तर मांडीवर घेऊन काम करायचं विसरा. फॅन असेल तर आवाज ऐका, दुकानाच्या गोंगाटात नाही कळणार, कान जवळ न्यावा लागतो, बघणारे हसले तर हसू द्या. मग चार्जर काढून तीच टेस्ट परत. काही विंडोज लॅपटॉप बॅटरीवर आले की बरेच मंदावतात, आणि पातळ लॅपटॉप आपण घेतोच मुळात बॅटरीवर वापरायला.

मॅकबुक एअरची गोष्ट वेगळी. २०२० च्या एम१ (ॲपलची स्वतःची चिप, पुढची एम२) पासून त्यात फॅनच नाहीये. आवाज शून्य, ऑफिसचं काम, कोडिंग, फोटो सगळं मस्त, पण अर्धा तास व्हिडिओ एक्स्पोर्ट लावला की काही मिनिटांनी चिप स्वतःच वेग कमी करते. ॲपल स्वतः सांगतं की वापरायचं तापमान १० ते ३५ डिग्री. पुण्यात एसीत बसणाऱ्याला याचं काही नाही, पण मे महिन्यात नागपूर, अकोला, जळगावला पंख्याखाली एडिटिंग करणाऱ्याने याचा विचार करावा, त्याला फॅनवालं प्रो मॉडेल किंवा जरा जाड विंडोज लॅपटॉप जास्त कामाचा.

रॅम मात्र पहिल्या दिवशीच ठरवून टाका. या कॅटेगरीत रॅम बहुतेक बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असते, वर सांगितलेल्या इंटेल चिप्समध्ये तर ती चिपच्या पॅकेजवरच बसवलीय, १६ जीबी नाहीतर ३२, नंतर वाढवायचा प्रश्नच येत नाही. ॲपलने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये एअरचं बेस मॉडेल १६ जीबीचं केलं, त्यामुळे जुन्या स्टॉकमधला ८ जीबीवाला कोणी "सर, बेस्ट डील" म्हणून समोर केला तर हात जोडा. एम२ एअर २५६ जीबीत घेणाऱ्यांसाठी अजून एक, त्यात स्टोरेजची एकच चिप आहे, त्यामुळे एसएसडीचा, म्हणजे त्या स्टोरेजचा, वेग जुन्या एम१ पेक्षाही कमी. रोजच्या कामात जाणवणार नाही, पण मोठ्या फाइल कॉपी करणाऱ्याला जाणवतं.

आता डिझाइन. वजन बघायचं ते चार्जरसकट, कारण बॅगेत दोन्ही जातात. चार्जर सोडून १३ इंची एअर १.२४ किलो, १५ इंची १.५१, लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन १४ इंची असून साधारण किलोभर. मग लॅपटॉप अर्धवट उघडा ठेवून एका कोपऱ्यातून एका हाताने उचला, बॉडी कुरकुरली किंवा पिळली गेली तर ते पाच वर्षं टिकायचं लक्षण नाही. झाकण एका बोटाने उघडलं पाहिजे आणि तळ टेबलावरच राहिला पाहिजे. कीबोर्डवर निदान दोन परिच्छेद टाइप करा, नुसतं नाव नको. फंक्शन कीच्या जागी टचची पट्टी दिलेली मॉडेल्स आहेत, २०२२ च्या डेल एक्सपीएस १३ प्लसमध्येही तेच फॅड होतं, दिसायला झकास पण एस्केप दाबला की नाही हे बोटाला कळतच नाही. मला स्वतःला ते अजिबात आवडत नाही. त्याच लॅपटॉपमधून हेडफोनचं भोकही गेलंय, वायरवाले हेडफोन वापरत असाल तर बघून घ्या.

स्क्रीन तपासायची ट्रिक सोपी आहे. ब्राइटनेस फुल करा, काळा फोटो उघडा आणि वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब किती दिसतं ते बघा, चकचकीत काचेत ट्यूबबरोबर तुम्हीही दिसाल. खिडकीशी किंवा ट्रेनमध्ये काम असेल तर निदान ४०० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) हवेत. ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी स्क्रीन) असेल तर ब्राइटनेस अगदी कमी करून मोबाइलचा कॅमेरा समोर धरा, काळे पट्टे सरकताना दिसले तर स्क्रीन फ्लिकर होतेय. सगळ्यांना त्रास होत नाही, पण ज्यांचं डोकं लवकर दुखतं त्यांनी ही टेस्ट चुकवू नये.

बॅटरीचे "१८ तास" वगैरे विसरा, ते बहुतेक कमी ब्राइटनेसवर नुसता व्हिडिओ चालवून काढलेले असतात. वॅट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण वीज. १३ इंची एम२ एअरला ५२.६ आहे. तुमचं काम सरासरी ६ वॅट खात असेल तर पावणेनऊ तास, १२ वॅट खात असेल तर साडेचारच्या खाली, सरळ भागाकार. डेमो पीस किंवा रिफर्बिश्ड घेत असाल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट एवढं इंग्रजीत टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही असतात. मॅकमध्ये सिस्टिम रिपोर्टमध्ये पॉवरखाली सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, दिसतो, हल्लीच्या मॅकना १००० ची मर्यादा आहे.

पोर्ट्स बघताना यूएसबी-सी दोन्ही बाजूंना आहे का बघा, सगळी एकाच बाजूला असली की चार्जरची वायर नेहमी उलट्या बाजूच्या प्लगपासून ओढत आणावी लागते. कॉलेजच्या प्रोजेक्टरला एचडीएमआय लागणार, तर हबचे (यूएसबी-सीला लावून जास्तीचे पोर्ट देणारा डबा) पैसे आधीच बजेटमध्ये धरा.

अमेरिकेतून भाऊ-वहिनी येणार आहेत म्हणून तिकडून मागवायचा विचार असेल तर चार्जरचं टेन्शन नाही, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलायची. खरी गोची वॉरंटीची. काही ब्रँड दुसऱ्या देशातली खरेदी इथे मानतात, काही मानत नाहीत, काही आधी रजिस्टर करायला लावतात, तर मॉडेल नंबर देऊन इथल्या सर्व्हिस सेंटरकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या, फोनवरचं "हो सर, होईल" कामाचं नाही. इथे घेतलात तरी ऑनसाइट वॉरंटी, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, तुमच्या तालुक्याच्या पिनकोडला चालते का ते विचारा, आणि बिल हातात आलं की त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि लॅपटॉपच्या पोटाखालच्या नंबरशी काउंटरवरच जुळवून घ्या.